गाण्याचा नाद आणि उटनूरचे कान

इंग्रजीत गाण्याच्या शौकिनाला भरपूर नावं आहेत, आणि त्यातली बहुतेक शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आणलेली. ‘अ‍ॅमेच्युअर’ फ्रेंचांचा, त्याच्या मुळाशी ‘प्रेम करणारा’ हा लॅटिन शब्द. ‘डिलेटांट’ इटालियन, आनंद घेणारा, एवढाच त्याचा साधा अर्थ. इटलीची सफर करून परतलेल्या काही इंग्रज उमरावांनी १७३४ च्या सुमारास लंडनमध्ये एक मंडळ काढलं तेव्हा त्याला हेच नाव मोठ्या हौसेने दिलं होतं. ‘अफिसिओनाडो’ स्पेनमधून आला, तोही बैलझुंजीच्या मैदानातून. जाणकाराला ‘कॉनसर’, गाण्यापायी वेडा झालेल्याला ‘मेलोमेनियाक’, आणि गाण्यापेक्षाही स्पीकरमधून ते किती स्वच्छ उमटतं यातच ज्याचा जीव अडकलाय तो ‘ऑडिओफाइल’.

या शब्दांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. अ‍ॅमेच्युअर म्हणजे कच्चा आणि डिलेटांट म्हणजे वरवरचा, असे अर्थ रूढ झाले. युरोपात गाणंबजावणं घरांतून आणि दरबारांतून उठून तिकीट काढून जायच्या सभागृहात गेलं, वाजवणं हा पोटापाण्याचा धंदा झाला, आणि प्रेमापोटी करणाऱ्याची पत उतरली. ‘फॅन’ मात्र चढत गेला. फॅन हे फॅनॅटिकचं तुटकं रूप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानावर ते रुळलं. पण त्याच्या मुळाशी ‘फानुम’ हा लॅटिन शब्द आहे, म्हणजे देऊळ. देवळात ज्याच्या अंगात येतं तो ‘फानाटिकुस’. हा अर्थ लक्षात ठेवावा, तेलंगणातल्या उटनूरला गेल्यावर त्याचा उपयोग होणार आहे.

मराठीतही शब्दांची वाण नाही. रसिक, दर्दी, शौकीन, जाणकार, मर्मज्ञ, गाणवेडा. तानसेन होणं सगळ्यांच्या नशिबी नसतं, म्हणून कानसेन. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यामागे तानसेन घडोत न घडोत, कानसेन तरी घडावेत हा हेतू होता, असं त्यांच्या परंपरेत आजही सांगतात. ज्याला गाण्यात गोडी नाही त्याला आपण औरंगजेब म्हणतो. याच बादशहाच्या कारकिर्दीत फकीरुल्ला नावाच्या सरदाराने ‘रागदर्पण’ हा फारसी ग्रंथ लिहिला, तेव्हा हे नाव जरा अन्यायाचंच आहे. पण भाषेने एकदा शिक्का मारला की तो पुसत नाही.

मला स्वतःला मात्र मराठीचे दोन साधे शब्द या सगळ्यांपेक्षा मोलाचे वाटतात. एक नाद आणि दुसरा छंद. नाद म्हणजे ध्वनी, आणि नाद म्हणजे एखाद्या गोष्टीने माणसाला कायमचं धरणं. छंद म्हणजे वृत्त, आणि छंद म्हणजे रिकाम्या वेळी मन जिथे धावतं ती गोष्ट. पत्ते खेळणाऱ्यालाही पत्त्यांचा नाद लागतो आणि तिकिटं जमवणाऱ्यालाही छंदच असतो. आपल्या भाषेत कुठलीही आवड सांगायची झाली की गाण्याच्या अंगणातूनच जावं लागतं.

रसिक या शब्दाचा एक जुना अर्थ आपण हरवून बसलो आहोत. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकांचे पाच प्रकार दिलेत: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. शिकवण्यात वाकबगार तो शिक्षाकार, दुसऱ्याची गायकी उचलणारा अनुकार, ऐकणाऱ्याला रिझवणारा रंजक. आणि रसिक? गाताना जो स्वतःच रसात बुडून जातो तो. म्हणजे सातशेहून अधिक वर्षांपूर्वी, आजच्या दौलताबादच्या डोंगराखाली, रसिक हा सतरंजीच्या दोन्ही बाजूंना बसत होता. पुढे तो समोरच्या बाजूलाच उरला.

समोर बसणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं यात शंका नाही. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. आवडलेलं पद पुन्हा हवं असेल तर मराठी प्रेक्षक ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडू लागला. शब्द इंग्रजी, पण खुद्द इंग्रज अशा वेळी ‘आँकोर’ हा फ्रेंच शब्द उच्चारतो, आणि फ्रेंच माणूस नाट्यगृहात ‘बिस’ म्हणून हाकारतो, तो मुळात लॅटिन. दाद देताना प्रत्येकाला परका शब्द लागतो, हे मला फार गोड वाटतं. बालगंधर्वांच्या नाटकांत या वन्स मोअरपायी उजाडायची वेळ येई. १९५३ पासून पुण्यात भरणारा सवाई गंधर्व महोत्सव हा त्याच कानांचा वारसा. श्रोता तिथे तिकीट काढून येतो, मान डोलावतो, टाळी देतो, घरी जातो. गाणाऱ्याशी त्याचं नातं तेवढ्यापुरतं.

महाराष्ट्राची हद्द ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरलं की शब्द बदलतात. तेलुगूत चाहत्याला ‘अभिमानी’ म्हणतात. नटाच्या पोस्टरखाली ‘अमुक गावचे अभिमानी’ असं लिहिलेलं असतं. मराठी वाचणाऱ्याला तो गर्विष्ठांचा मेळावा वाटावा. आणखी खाली तमिळनाडूत सिनेनटांची चाहता मंडळं आपल्या रसिक शब्दावरूनच ‘रसिगर मण्ड्रम’ झाली आहेत. पण आदिलाबादहून गुडीहतनूर, इंद्रवेल्ली करत आपण उटनूरला पोचलो की असे मुलूख लागतात जिथे यातला कुठलाच शब्द पुरा पडत नाही. कारण तिथे गाणं ऐकणं एकट्यादुकट्याची आवड म्हणून चालत आलेलं नाही. ते वडिलोपार्जित नातं आहे, आणि दोन्ही बाजूंना त्याची देणी आहेत.

उटनूर हे राजगोंडांच्या मुलखाचं जुनं ठाणं. गावात गोंडकालीन गढी आहे, आणि आदिवासी विकासाचा कारभार पाहणाऱ्या एकात्मिक संस्थेचं कार्यालयही इथेच आहे. हा सारा भाग निजामाच्या राज्यात होता. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट आणि चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा हे दोन्ही तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत रेघ ओढली गेली, पण सोयरिकी, बाजार आणि देवस्थानं रेघेच्या दोन्ही बाजूंना राहिली. उटनूरच्या बाजारात तेलुगू, गोंडी, मराठी, कोलामी, बंजारा बोली आणि दखनी उर्दू एकाच सकाळी कानावर पडते. गोंडीत गाण्याला ‘पाटा’ म्हणतात, तेलुगूत ‘पाट’. राजगोंड, कोलाम, आंध, बंजारा, तोटी आणि परधान अशी वस्ती. गोंडांच्या गाण्याची आणि आठवणींची राखण करणारे यातले दोन समाज, परधान आणि तोटी. तोटी संख्येने थोडे. जास्त पसारा परधानांचा.

गोंडांची कुळं चार मोठ्या गटांत विभागलेली आहेत: चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे आणि सात देवांचे. या गटाला ‘सगा’ म्हणतात, आणि एका सगात आपसांत लग्न होत नाही. परधानांची कुळंही याच चौकटीत बसवलेली असतात. मेश्राम गोंडांचे परधान मेश्रामांच्याच नियमाने चालणार. प्रत्येक गोंड कुळाशी परधानांची काही घरं पिढ्यान्पिढ्या बांधलेली. लग्न असो, मयत असो, दिवसकार्य असो की कुळदेवतेची म्हणजे पेर्सा पेनची पूजा असो, त्या घराच्या परधानाने यायचं, वाजवायचं, कुळाची कथा गायची. आणि यजमानाने धान्य, कापड, पैसा, ऐपत असेल तर गाईगुरं द्यायची. परधानाचा यजमान ठरलेला आणि यजमानाचा परधान ठरलेला. दुसरा चांगला गातो म्हणून त्याला बोलावलं, असं होत नसे.

हे नातं कसं पडलं याची एक कथा मध्य भारतभर थोड्याफार फरकाने सांगतात. सात गोंड भावांनी बडादेवाची पूजा मांडली, पण देव काही प्रकट होईना. तेव्हा धाकट्याने लाकूड कोरून तंतुवाद्य केलं आणि देवाचं गुणगान वाजवलं. देव आला. मग थोरल्या सहा भावांनी ठरवलं की याने असंच वाजवत राहावं आणि आपण याला पोसावं. त्या धाकट्याचे वंशज ते परधान. मला या कथेत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की पहिला श्रोता देव आहे. पूजेच्या सामानाने जो हलत नाही तो सुरांनी हलतो. रसिक कोण, याचं याहून थोर उत्तर मी कुठल्या संगीतशास्त्रात वाचलेलं नाही.

मध्य प्रदेशातल्या, नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर शामराव हिवाळे या मराठी माणसाने १९४६ साली इंग्रजीत एक सुंदर पुस्तक लिहिलं. हिवाळे हे मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांचे जन्माचे सोबती. दोघांनी मिळून मैकल डोंगरातली लोकगीतं गोळा केली, पण नाव राहिलं ते एल्विन यांचं. त्याच भागातल्या पाटणगढच्या परधानांच्या घरात जनगढसिंह श्याम हा चित्रकार जन्मला. वाद्य मागे पडत चाललेल्या पिढीत त्याने तीच दैवतं भिंतीवर आणि कागदावर उतरवली, आणि आज आपण जिला ‘गोंड चित्रकला’ म्हणून ओळखतो ती उभी राहिली. त्या चित्रांतल्या बारीक रेषा आणि ठिपके पाहताना, हा हात गाणाऱ्यांच्या घरचा आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

उटनूरकडच्या परधानांचं वाद्य किंगरी. किकरी असंही म्हणतात. महाराष्ट्रात नाथपंथी भिक्षेकऱ्यांच्या खांद्यावर दिसते ती किंगरी वेगळी, छोटीशी. ही परधानी किंगरी लाकूड कोरून केलेली. पोकळ पोटावर कातडं ताणलेलं, वर तीन तारा. या तारा धातूच्या नसतात, घोड्याच्या शेपटीचे केस एकत्र वळून केलेल्या असतात, आणि त्यांच्यावर फिरणारा गजही केसांचाच. केसावर केस घासून येणारा हा आवाज सारंगीसारखा भरीव नसतो. तो किंचित घोगरा, नाकातला, माणसाच्या गळ्याला अगदी चिकटून चालणारा असतो. गाणारा थांबला तरी वाक्य पुढे चालूच आहे असं वाटतं. लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या जागी मात्र किंगरीचं काम नाही. तिथे सनईच्या जातीची पेपरी, ढोल आणि तुडुम. हे वाद्यांचं वाटप नीट पाहिलं तर ऐकण्याचेही दोन प्रकार दिसतात. पेपरी सगळ्या शिवाराला ऐकू जाण्यासाठी. किंगरी भोवती बसलेल्यांसाठी.

पेर्सा पेनच्या सणाला, म्हणजे पौषात आणि पुन्हा उन्हाळ्यात, कुळाची मंडळी देवस्थानाजवळ जमतात आणि परधान आपल्या सगाची कथा मांडतो. थोडं गायचं, मग तेच गद्यात उलगडून सांगायचं, पुन्हा सुरात जायचं. देवांची मुलं गुहेत कोंडली गेली होती, पहांदी कुपार लिंगोने त्यांना सोडवलं, कुळं वाटून दिली, कुणाचा देव कुठे बसला, कुणाशी सोयरीक करायची आणि कुणाशी नाही, हे सगळं त्यात येतं. याच कथेच्या एका परंपरेत हिरासुका नावाचा आद्य किंगरीवाला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगडची प्रचंड गुहा आहे, तीच ही कथेतली गुहा मानतात. माघ पौर्णिमेला तिथे लाखो गोंड जमतात. हिरासुकाच्या वादनाने आतल्या मुलांच्या अंगी बळ आलं आणि त्यांनी गुहेच्या तोंडावरची शिळा ढकलून दिली. त्या शिळेखाली हिरासुका स्वतः चिरडला गेला, असं सांगतात. ज्यांच्यासाठी वाजवलं ते सुटले आणि वाजवणारा गेला. परधानाला दान का द्यायचं, हा प्रश्न ही कथा ऐकून मोठ्या झालेल्या गोंडाला पडत नाही.

आणि आता ज्या गोष्टीने मराठी वाचकाचे कान टवकारावेत ती. आदिलाबादच्या पुष्कळ परधान घरांत बोलली जाणारी भाषा मराठी आहे. तोटी घरी गोंडी बोलतात. परधान घरी मराठी बोलतात आणि देवापुढे गोंडी गातात. गोंडांची सगळ्यात पवित्र वाणी, तिचे जुने शब्द, वंशावळी, देवस्थानांची नावं, हे सगळं मराठी मातृभाषा असलेल्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या पाठ ठेवलं. मूल घरात आईशी मराठी बोलणार, बापाच्या मागे बसून साथ धरता धरता गोंडी कथा शिकणार, बाजारात तेलुगू बोलणार. दुसऱ्याच्या भाषेतलं महाकाव्य आपल्या जिवापलीकडे जपणारा मराठी भाषकांचा असा दुसरा समाज मला माहीत नाही. पण मराठी लोकसाहित्याच्या पुस्तकांत वासुदेव येतो, गोंधळी येतो, डवरी येतो, पोतराज येतो. उटनूरचा परधान अभावानेच येतो. भाषेची हद्द आपण राज्याच्या हद्दीशी नेऊन बांधली, त्याचा हा परिणाम.

या नात्याची एक बाजू बोचणारी आहे आणि ती झाकून चालणार नाही. ज्याच्या गाण्यावाचून देव हलत नाही त्या परधानाला गोंड आपल्या पंगतीत बरोबरीने बसवत नसत. बेटीव्यवहार नाही, त्याच्या हातचं खाणं नाही. कथेत धाकटा भाऊ, व्यवहारात मागणारा. संगीतावर प्रेम करणाऱ्या समाजांनी गाणाऱ्याला असंच अंतरावर ठेवलं, हे आपल्याला नवं नाही. कोल्हाटणीच्या गाण्यावर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्राला, किंवा गोव्यातल्या देवळांतल्या कलावंतिणींच्या लेकींचं गाणं डोक्यावर घेताना त्यांचं घराणं मात्र कुजबुजत सांगणाऱ्या पुण्या-मुंबईला, गोंडांकडे बोट दाखवता येणार नाही.

तेलंगणात ही व्यवस्था परधानांपुरती नाही. पद्मशाली विणकरांची कथा गाणारे कुनपुली वेगळे, मादिगांचं जांबपुराण सांगणारे डक्कली वेगळे. पुष्कळ समाजांना आपला भाट असतो, आणि त्या भाटाला त्या समाजाखेरीज दुसरीकडे मागायची मुभा नसते. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला हेळवी घरोघरच्या वंशावळी सांगत फिरतात, ते याच जातकुळीचे. या साऱ्यांत ऐकणारा हा गाण्याचा विषयही असतो. पोवाडा शिवाजी महाराजांचा असतो आणि आपण ऐकतो. परधानाच्या गाण्यात मात्र समोर बसलेल्या माणसाच्याच पूर्वजांची नावं येतात. त्याला मान डोलवायची नसते, आपण कुठले ते ऐकायचं असतं.

याचं मोठं दर्शन घडतं ते केसलापूरला. इंद्रवेल्लीजवळच्या या गावी पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. पूजेचा मान मेश्राम कुळाचा. त्याआधी कुळातली माणसं चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात, त्या पाण्याने अभिषेक होतो. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ओळख करून दिली जाते. या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. आपल्या ‘भेटी’ची आठवण करून देणारा हा शब्द तिथे अगदी रुळून गेलाय. या साऱ्यात मेश्रामांच्या परधानांचा मान ठरलेला आहे. जत्रेत भरणारा दरबार मात्र गेल्या शतकातला. १९४० साली जोडेघाटला गोंडांच्या उठावाचे पुढारी कोमरम भीम मारले गेले. हा उठाव का झाला ते समजून घ्यायला निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला इकडे पाठवलं. अधिकाऱ्यांनी आदिवासींच्या तक्रारी जत्रेत येऊन ऐकाव्यात, ही प्रथा त्यांच्या खटपटीतून पडली. तो दरबार अजून भरतो.

हाइमेनडॉर्फ आणि त्यांची पत्नी बेट्टी मारलवाई या गोंड गावात झोपडी बांधून राहिले. ते गोंडी शिकले, परधानांना बसवून घेऊन कथा उतरवून घेतल्या. १९४८ साली आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये छापून आला, त्याचा मोठा भाग म्हणजे या पुराणकथा आणि विधी. त्यांच्याच खटपटीने मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघालं आणि गोंडीची वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली. बेट्टी १९८७ साली हैदराबादला वारल्या, त्यांना मारलवाईत पुरलं; पुढे नवऱ्याची समाधीही शेजारीच झाली. इंग्रजीत ज्याला कॉनसर म्हणतील असा हा माणूस होता खरा, पण उटनूरच्या हिशेबाने तो यजमान ठरला. त्याने ऐकलं आणि त्या ऐकण्याच्या बदल्यात काही दिलं.

दिवाळीच्या सुमारास याच भागात दंडारी निघते. कोजागरीनंतर सुरू होणारा हा उत्सव दिवाळीपर्यंत चालतो. एका गावची मंडळी वाजतगाजत दुसऱ्या गावी पाहुणी जाते, रात्रभर नाचते, आणि यजमान गाव त्यांना जेवूखाऊ घालतं, मुक्काम करवतं. दंडारीतले गुसाडी लांबूनच ओळखू येतात: डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप, त्याला शिंगं, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात दांडा. टोप चढवला की उत्सव संपेपर्यंत गुसाडीने अंघोळ करायची नाही, गादीवर निजायचं नाही, व्रत पाळायचं. त्याच्या अंगी देवाचा वास आहे असं मानतात, आणि लोक त्याच्या पाया पडतात. लॅटिनमधला तो फानाटिकुस नेमका हाच. फॅन या शब्दाला स्टेडियमची हवा लागण्यापूर्वी त्याच्यात जे होतं, ते इथे ढोलाच्या ठेक्यावर पायात घुंगरू बांधून उभं आहे.

मारलवाईच्याच कनका राजूंनी ही गुसाडी शिकवण्यात हयात घालवली. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात ते आपलं पथक घेऊन गेले, गावोगावच्या पोरांना त्यांनी नाच शिकवला. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. त्या सन्मानाने गुसाडीला मोठं बळ आलं. नाच दिसतो, त्याचा फोटो निघतो, सरकारी कार्यक्रमात तो दहा मिनिटांत बसतो. रात्रभर चालणारी गोंडी कथा दहा मिनिटांत बसत नाही. म्हणून मला काळजी वाटते ती किंगरीची.

ही परंपरा नुसत्या गाणाऱ्यांच्या कौशल्यावर कधीच टिकलेली नव्हती. ऐकणाऱ्याने रात्र मोडावी, धान्य द्यावं, नावं ओळखावीत, ही तिची दुसरी बाजू. गोंडांच्या जमिनी गेल्या, कर्जं वाढली, तेव्हा दानाचा हात आखडला. परधानांची मुलं शिकली, नोकरीला लागली, आणि मागणाऱ्याचं जिणं त्यांना नकोसं झालं. ते त्यांचं बरोबरच आहे. शाळा तेलुगू, घर मराठी आणि कथा गोंडी, यातली तिसरी भाषा पहिल्यांदा सुटते. पलीकडे गोंडांची पोरंही तेलुगूकडे वळलेली, तेव्हा उद्या किंगरी वाजली तरी शब्दार्थ कुणाला लागणार?

धीर वाटावा अशाही काही गोष्टी घडल्या आहेत. उटनूरजवळच्या नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखितं मिळाली, ती परधानांनीच सांभाळून ठेवली होती. हैदराबाद विद्यापीठातले प्राध्यापक जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उजेडात आणली, आणि २०१८ साली गुंजाला गोंडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. आता ती फोनवर टंकता येते. आकाशवाणीच्या आदिलाबाद केंद्रावरून गोंडी कार्यक्रम लागतात. गोंडी बाजूचं काम तेलंगणातली माणसं करत आहेत आणि ती करतील.

मराठी बाजूचं काम मात्र फारसं कुणी हाती घेतलेलं नाही, आणि ते आपलं आहे. परधान गोंडीत गातो, पण घरी येऊन मुलाला त्या कथेचा अर्थ सांगतो तो मराठीत. त्या मराठीत गोंडी शब्द कसे वळतात, कुळांची आणि देवांची नावं कशी घेतली जातात, विदर्भ-मराठवाड्याच्या बोलींशी ती कुठे जुळते आणि कुठे तुटते, हे टिपायला हवं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ इथून जवळ आहे, गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठही फार लांब नाही. किनवट, माहूर, राजुरा, जिवती या तालुक्यांतही परधान वस्ती आहे, आणि त्यांचे सगेसोयरे उटनूरच्या बाजूला आहेत. ध्वनिमुद्रण करायचं तर म्हाताऱ्या किंगरीवाल्यासमोर एकट्याने यंत्र घेऊन बसू नये. त्याच्या यजमान कुळातली दोनचार जाणती माणसंही बरोबर बसवावीत, कारण कथा त्यांची आहे आणि त्यांच्यापुढेच ती पुरी गायची रीत आहे. आणि रात्र सरल्यावर रीतीप्रमाणे दान द्यावं, विद्यापीठाच्या मानधनाच्या पाकिटाखेरीज.